लाकडी टोफू

गुरुजींची मोपेड पुलापलीकडे वळते न वळते तोच तोमोएची गाडी अंगणात शिरली. मंत्र संपता संपता ती उठून गेली होती, सोयासॉस संपलाय म्हणून. ज्या घराने दोन पिढ्या किराणा दुकान चालवलं त्या घरात सोयासॉस संपला, हे कोणालाच पटलं नव्हतं. पण बाबांच्या तेराव्या वर्षाच्या श्राद्धाला बहिणीशी वाद घालायचा नाही असं कोसाकुने सकाळी दाढी करतानाच ठरवलं होतं. आता त्या गाडीतून सोयासॉसऐवजी एक माणूस उतरला. काळा कोट, काळा टाय, आणि डोंगरातल्या चिखलाला अजिबात न शोभणारे बूट.

"हे कोण?" कोसाकुने उंबऱ्यावरूनच विचारलं.

"हियामा-सान. बाबांना धूप वाहायला आलेत."

"बाबांना ओळखत होते?"

"नाही. म्हणून तर आलेत, ओळख करून घ्यायला." तोमोए बूट काढत म्हणाली. "दादा, पाहुण्यांना दारात उभं ठेवायची पद्धत आपल्याकडे कधीपासून आली?"

कोसाकु बाजूला झाला. श्राद्धाला आलेल्या माणसाला परत पाठवता येत नाही, हे तोमोएला माहीत होतं, आणि तिला ते माहीत आहे हे त्याला. साठी उलटली तरी ही बहीण लहानपणीसारखीच पत्ते खेळत होती. हुकमाचं पान नेहमी शेवटी काढायची.

हियामांनी पितरांच्या देव्हाऱ्यासमोर गुडघे टेकले, धूप लावला, हात जोडले. देव्हाऱ्यात बाबांचा, गेन्झोंचा, फोटो होता, शेजारी संत्री, मिठाईवाल्याकडून आणलेल्या मिठाया, आणि फोटोच्या पायाशी नेहमीचा तो पांढरा लाकडी ठोकळा. त्याच्या कडा गोल घासलेल्या होत्या आणि रंग जागोजागी उडाला होता. पाहुण्याची नजर क्षणभर त्याच्यावर थांबली, पण त्यांनी काही विचारलं नाही. चांगल्या वळणाचा माणूस दिसतोय, कोसाकुच्या मनात आलं, आणि त्याला ते आवडलं नाही. वाईट माणसाला नाही म्हणणं सोपं असतं.

*

"आत्या, तू गुरुवार म्हणाली होतीस." नाझुनाने स्वयंपाकघरात तिला गाठलं. तिच्या हातात भांड्यांचं ताट होतं.

"गुरुवारी तुझ्या बापाने मोटार घेऊन दात काढायला जायचं ठरवलं असतं. आणि सोमवारी हियामांच्या समितीचा निकाल आहे. आज तो घरात अडकलाय, काळा कोट घातलाय, आणि आईसमोर आवाज चढवू शकत नाही. याहून चांगला दिवस तुला मिळणार नाही."

"बाबा चिडलेत."

"तो चिडलेला नाही. घाबरलाय. दोन्हीचा चेहरा आमच्या घरात सारखाच असतो."

नाझुना हसली, आणि हसताना तिला जाणवलं की आपण सकाळपासून श्वास अर्धाच घेतोय.

गोष्ट साधी होती. घराच्या रस्त्याकडच्या अंगाला असलेल्या दुकानाच्या खोलीचं शटर कोसाकुने दोन वर्षांपूर्वी कायमचं खाली ओढलं, तेव्हापासून कायानोबारु गावात आणि वरच्या तीन वाड्यांत अंडं मिळायचंही ठिकाण उरलं नव्हतं. बस आठवड्यातून दोनदा. मोठं दुकान बोगद्यापलीकडे. फुकुओकातली गोदामाची नोकरी सोडून नाझुना वसंतात परत आली ती जुन्या छोट्या व्हॅनमध्ये फळ्या ठोकून. व्हॅन वर जाताना टोफू, मासे, दूध, दिव्याचे बल्ब घेऊन जायची. खाली येताना म्हाताऱ्यांची लोणची, वाळवलेली शिताके अळंबी, युझू लिंबाची मिरचीची चटणी घेऊन यायची आणि ती शहरात विकली जायची. रिकामी ती कुठल्याच दिशेला जात नव्हती. नाझुनाला याचाच सगळ्यात अभिमान होता.

पण बर्फात व्हॅन वर चढत नाही, आणि उन्हाळ्यात मासे टिकत नाहीत. हियामांची संस्था अशा दुर्लक्षित गावांतल्या नव्या धर्तीच्या दुकानांना आधार द्यायची: थंड पेटीची मोठी गाडी, आणि तीन वर्षं पाठबळ. अट दोन गोष्टींची. एक, गावात कायमची खोली हवी, जिथे शेगडी असेल, बसायला टेबल असेल आणि गल्ल्यावर गावातलंच रोज वेगळं कोणीतरी बसेल. दोन, गावाला याची खरोखर गरज आहे हे दिसायला हवं.

खोली कोसाकुच्या नावावर होती. त्याने वसंतात एकदा, श्रावणात एकदा आणि गेल्या आठवड्यात एकदा नाही म्हटलं होतं.

"ताट दे इकडे," आत्या म्हणाली. "आणि जेवताना त्याच्याकडे बघू नकोस. हियामांकडे बघ."

*

टेबलावर तोमोएने शहरातून आणलेल्या कमळकाकडीच्या चकत्या होत्या, भोकाभोकांत मोहरी घातलेला मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, भरलेल्या, पिवळ्या पिठात तळलेल्या. उकडलेली रताळी, रानभाज्या, भाताच्या मुटक्या. कोसाकुची बायको मित्सुए मधल्या दाराशी बसून सगळ्यांना वाढत होती. सासू, शिगेनो, देव्हाऱ्याला पाठ लावून बसली होती; गेल्या वर्षी पडल्यापासून तिला टेकायला काहीतरी लागायचं.

हियामा हाकोदातेचे. लांब उत्तरेचे. हे कळल्यावर शिगेनोने त्यांना तिसऱ्यांदा चहा दिला. तिच्या मते तिकडून आलेला माणूस थंडीतून अजून पुरता सुटलेला नसतो.

"मला एक गोष्ट कळत नाही," हियामा म्हणाले, आणि त्यांनी जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. "तुमची व्हॅन मी दोनदा पाहिली. लोक येतात, बोलतात, घेतात. पण त्या गाडीत कधीच काही संपत नाही. संध्याकाळी खालच्या गावात माल उतरवतात तेव्हा प्रत्येक खोक्यात काहीतरी उरलेलं असतं. आमच्या समितीतले लोक विचारतात, माल उरतोय तर मग गरज कुठे आहे?"

शिगेनोने मान वर केली, जणू तिला काही ओळखीचं ऐकू आलं.

"मी तेच म्हणतोय," कोसाकु म्हणाला. त्याचा आवाज मोठा नव्हता. "मी म्हटलं तर नाझुना म्हणते, बाबा जुन्या विचारांचे. आता बाहेरचा माणूस म्हणतोय. बाबांच्या मागे दहा वर्षं मी तो गल्ला सांभाळला, हियामा-सान. रोज संध्याकाळी दुकान आवरताना तेच. एक टोफू. एक अंड्यांचं खोकं. एक पाव. प्रत्येक ट्रेमध्ये एक, जसं काही लोक मला सांगतायत, बघ, घ्यायचं होतं तर घेतलं असतं. या गावाला दुकान नकोय. दुकान आहे एवढं हवंय."

"दादा."

"तू शहरात राहतेस. तुला कोणी ते रोज दाखवत नव्हतं."

नाझुनाने आत्याचा सल्ला मोडला. तिने बापाकडे बघितलं. तो रागावलेला दिसत होता, पण त्याच्या हातातला चहाचा कप दोन्ही हातांनी धरलेला होता, थंडी वाजल्यासारखा.

"मी कमी आणायला लागले," ती म्हणाली. हे ती आजवर कोणालाच म्हणाली नव्हती. "टोफूचं सांगते. उरतो म्हणून कमी आणले, तरी एक उरला. आणखी कमी आणले, तरी एक. आता वरच्या वाडीला दोनच नेते. त्यातलाही एक परत येतो."

हियामांच्या कपाळावर आठी पडली, पण ती नाराजीची नव्हती. कोड्याची होती.

"हे विचित्र आहे. मागणी खरंच कमी असती तर सुरुवातीला जास्त उरले असते. पुरेशी असती तर कधीतरी संपले असते. दरवेळी एकच?" ते विचार करत राहिले, आणि विचार करता करता त्यांचा हात काड्यांकडे गेला, काड्या मधल्या ताटाकडे गेल्या, आणि ताटात उरलेली कमळकाकडीची शेवटची चकती त्यांनी उचलून तोंडात टाकली.

मित्सुएचा हात वाढता वाढता थांबला. शिगेनोने नजर खाली घातली. तोमोएने रुमाल तोंडाला लावला, आणि तिचे खांदे हलू लागले.

हियामांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या मोहरीने येतंच. त्यांनी चघळणं थांबवून सगळ्यांकडे पाहिलं.

"माझं काही चुकलं का?"

"अजिबात नाही," मित्सुए घाईने म्हणाली.

"चुकलं," तोमोए म्हणाली. "फार छान चुकलं. हियामा-सान, आमच्याकडे ताटातला शेवटचा तुकडा कोणी घेत नाही. दुसऱ्या कोणाला हवा असेल म्हणून. मग तो तिथेच सुकतो, सगळे त्याच्याकडे बघतात, आणि शेवटी कुत्र्याच्या वाट्याला जातो. देशभर आमची थट्टा होते यावरून. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काय उगाच? आमच्या कुत्र्यांना विचारा, त्यांची कशी चैन आहे."

"तुमच्याकडे काय करतात?" शिगेनोने कुतूहलाने विचारलं.

"जो आधी पोहोचेल तो खातो, आजी. आमच्याकडे बर्फ असतो."

हसू फुटलं. कोसाकुसुद्धा नाकातून हसला. फक्त नाझुना हसली नाही. ती त्या रिकाम्या ताटाकडे बघत होती. सोनेरी पिठाचे चार कण, मोहरीचा एक डाग, आणि जिथे चकती होती तिथे काहीच नाही.

"आत्या," ती हळूच म्हणाली. "व्हॅनमध्येही तसंच."

"काय तसंच?"

"ताट." ती उठून उभी राहिली. "फळी म्हणजे ताटच. ओनित्सुका काकू टोफू घ्यायला येतात, समोर एकच असतो, आणि त्या म्हणतात, राहू दे गं, आज नको. मला वाटायचं त्यांना नको असतो. त्या वरच्या सुएनोबाईंसाठी ठेवतात. आणि सुएनोबाई काकूंसाठी. मी सहा नेले काय, दोन नेले काय, शेवटचा कोणीच घेणार नाही. आणि मी एकच नेला असता तर..." तिने कपाळावर हात मारला. "एकही विकला गेला नसता. मी आठ महिने हेच करत होते. मी त्यांचं खाणं कमी करत होते."

हियामांनी खिशातला रुमाल काढून डोळे पुसले. त्यांच्या चेहऱ्यावर एखादं समीकरण सुटल्यावर येतो तसा उजेड होता.

"म्हणजे तो एक म्हणजे शून्य," ते म्हणाले. "तुमचा माल रोज संपत होता."

*

मित्सुएने भांडी उचलायला घेतली, कारण हातांना काहीतरी हवं होतं.

दहा वर्षं. रोज संध्याकाळी कोसाकु दुकान बंद करून आत यायचा आणि तो उरलेला एक टोफू ओट्यावर ठेवायचा. फेकायचा कसा? मग मित्सुए तो शिजवायची. सुपात, तळून, कांद्याची पात घालून, आल्याबरोबर. हिवाळ्यात गरम, उन्हाळ्यात गार. दुकान बंद झालं त्या दिवशी नवरा रडवेला झाला होता आणि ती मनातून एकच म्हणत होती, आता टोफू नाही. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. तेव्हापासून तिने घरात एकदाही टोफू आणला नव्हता, आणि कोसाकुने एकदाही मागितला नव्हता.

तिने आजवर नवऱ्याचीच बाजू घेतली होती. त्याला पुन्हा रोज संध्याकाळी तसं आत येताना बघायचं नव्हतं, एवढंच तिचं कारण होतं. तेच कारण आता ताटातल्या त्या चकतीबरोबर नाहीसं झालं होतं.

"म्हणजे मी गावाच्या भिडेचा स्वयंपाक करत होते," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "दहा वर्षं."

तोमोए मोठ्याने हसली. कोसाकुने बायकोकडे असं पाहिलं, जणू ती पहिल्यांदाच बोलली.

"बाबांच्या वेळी तर असं उरायचं नाही," तो म्हणाला. स्वतःशीच. "बाबा रोज रिकामे ट्रे धुवायचे. मला आठवतंय. मला वाटलं, लोक बाबांसाठी घ्यायचे. माझ्यासाठी नाही."

शिगेनोने देव्हाऱ्याला टेकलेली पाठ सरळ केली. हात मागे नेला, न बघता, आणि फोटोच्या पायाशी ठेवलेला लाकडी ठोकळा उचलून टेबलावर ठेवला. रिकाम्या ताटाच्या शेजारी.

"ट्रे रिकामे नसायचे," ती म्हणाली. "हा असायचा."

सगळे त्या ठोकळ्याकडे बघत राहिले.

"तो माझ्या खेळण्यातला आहे," कोसाकु म्हणाला. "मी तो ओढ्यात खेळायला नेला म्हणून बाबांनी मला मारलं होतं. एकदाच मारलं आयुष्यात."

"खेळणं? तुझे बाबा कधी कोणासाठी खेळणं करत बसले होते का? टोफूच्या पाण्यात तो ठेवायचे, कोपऱ्यात. कोणी शेवटच्या टोफूपाशी थबकलं की म्हणायचे, तो घरचा आहे, बाकीचे तुमचे. मग लोक घ्यायचे. पावाच्या ट्रेमध्ये मक्याचं कणीस, अंड्यांत एक चिनीमातीचं."

"पण हा लाकडाचा आहे, आजी," हियामा म्हणाले. "लोकांना कळत नसे?"

"कळायचं की. आंधळे होते का ते?" शिगेनोला प्रश्नाचं नवल वाटलं. "पण ट्रे रिकामा होत नव्हता ना. शेवटचा कोणी घेत नव्हता. मग झालं."

कोसाकुने ठोकळा हातात घेतला. तो आठवणीपेक्षा जड होता. तळाशी शिसं बसवलेलं होतं, पाण्यात नीट बसावा म्हणून. एवढी वर्षं रोज सकाळी त्याने त्याच्यासमोर धूप लावला होता, पण तिथे ठेवल्यापासून तो पुन्हा कधी उचलला नव्हता.

"तू मला का नाही सांगितलंस?"

शिगेनोने मागे वळून फोटोकडे पाहिलं.

"बाबा गेले आणि तू तो मोठा काचेचा फ्रीज आणलास. ठोकळा इथे फोटोपाशी आणून ठेवलास. मला वाटलं, तुला ही युक्ती माहीत आहे आणि तुला ती नकोय. नव्या पद्धतीने करायचंय. पोराच्या दुकानात आईने कशाला नाक खुपसायचं?"

"मी तो आठवण म्हणून ठेवला होता, आई."

"ते आता कळलं," ती म्हणाली. "मीही ताटातला शेवटचा तुकडा ठेवून दिला बघ."

*

शटर दोन वर्षांत गंजलं होतं. कोसाकुने खालची कडी काढली, जोर लावला, आणि ते गुडघ्यापर्यंत येऊन अडकलं. हियामांनी कोट काढला आणि दुसऱ्या बाजूने हात लावला. त्यांच्या शहरी बुटांवर गंज आणि वाळलेली कोळिष्टकं सांडली. शटर किंचाळत वर गेलं आणि दुपारचा उजेड खोलीत शिरला. काचेचा फ्रीज, गल्ला, भिंतीवरचं जुनं कॅलेंडर, आणि जमिनीवर धुळीचा एकसारखा थर, ज्यावर फक्त एका मांजराची पावलं होती.

"अजून काही ठरलेलं नाही," कोसाकु कोणी न विचारताच म्हणाला. "आधी बघू."

"बघू," नाझुना म्हणाली. गोदामात तिला शिकवलं होतं की एका दुपारच्या पाहणीवरून काही ठरवू नये. तिने ते स्वतःला सांगितलं, पण ऐकलं नाही.

व्हॅन दारातच उभी केली. माल मांडायच्या फळीवर ओलं फडकं फिरवून मित्सुएने पाण्याचा जुना ट्रे आणला, जो ती दोन वर्षं मुळे धुवायला वापरत होती. नाझुनाने उद्याच्या वाड्यांसाठी आणलेले सगळे टोफू त्यात सोडले. कोसाकुने शेवटी ठोकळा घेतला, तो कोपऱ्यात हळूच बुडवला, आणि बोटाने थोडा सरळ केला. लाकूड पाण्यात बसलं. लांबून बघितलं तर वेगळं ओळखू आलं नसतं. जवळून बघितलं तर कोणालाही आलं असतं.

श्राद्धाला धूप वाहायला शेजारी येऊ लागले, आणि धूप वाहून झाल्यावर साहजिकच उघड्या शटरपाशी थांबू लागले. ओनित्सुका काकू आल्या, त्यांच्या मागे हातगाडी ढकलत पुलाखालचे कुराओका आजोबा.

"शटर वर?" कुराओका म्हणाले. "चोर शिरले की काय, कोसाकु?"

"चोर आत येऊन काय नेणार? मांजराची पावलं?"

"तुझी जीभ परत आली म्हणजे दुकान परत आलं वाटतं."

त्यांनी टोफू घेतला. काकूंनी दोन घेतले. कोणी पाव, कोणी सुके मासे, कोणी एक बल्ब. नाझुना पिशव्या भरत होती आणि ट्रेकडे न बघायचा प्रयत्न करत होती. तोमोए गल्ल्यामागे जाऊन उभी राहिली होती, जणू ती रोजच तिथे असते, आणि सगळ्यांना त्यांच्या गुडघ्यांबद्दल विचारत होती. हियामा फ्रीजला टेकून उभे होते. त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं, आणि त्यांना तेच हवं असावं.

ट्रेमध्ये ठोकळ्याशेजारी एकच खरा टोफू उरला, तेव्हा वरच्या वाडीच्या सुएनोबाई आल्या. वाकलेल्या, डोक्याला रुमाल, हातात काठी. त्यांनी ट्रेकडे बघितलं. हात पुढे केला. मग आखडता घेतला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "आज नको. कोणाला तरी लागेल."

तोमोए बोलता बोलता थांबली. नाझुनाने ओठ दाबले. 'तो घरचा आहे' हे तिने बोलून चाललं नसतं. ती गाडीवाली मुलगी होती, तिच्याकडे दुकान नव्हतं, फक्त गाडी होती. तिने बापाकडे बघितलं, या वेळी सरळ.

कोसाकु ट्रेपाशी आला. एवढंसं वाक्य, आणि ते त्याच्या बापाचं होतं.

"घ्या, सुएनोबाई," तो म्हणाला. "तो कोपऱ्यातला घरचा आहे. बाकीचे तुमचे."

सुएनोबाईंनी मान तिरकी करून कोपऱ्यात बघितलं. मग काठी कुराओकांच्या हातगाडीला टेकवली, बाही वर केली, आणि पाण्यात हात घालून तो कोपऱ्यातला उचलला. बोटाच्या पेराने त्यावर टकटक केलं.

"अरे," त्या म्हणाल्या. "गेन्झो-सानचा. मला वाटलं तुम्ही हा त्यांच्याबरोबर जाळला."

त्यांनी ठोकळा होता तिथे परत ठेवला, काळजीने, आणि शेवटचा खरा टोफू पिशवीत घेतला. "किती वर्षांनी दोन दिवसांच्या भाजीची सोय झाली," त्या जाता जाता पुटपुटल्या. "नेहमी वाटायचं, घ्यावा. पण कसा घ्यावा?"

पाण्यात आता एकटं लाकूड होतं. नाझुनाने मान फिरवून हियामांकडे बघितलं. ते हसत होते, डोळ्यांत पुन्हा पाणी, आणि या वेळी मोहरी नव्हती.

"हा एक ठोकळा गावातले लोक वाढवणार नाही," ते हळूच तिला म्हणाले. "बर्फही थांबवणार नाही. ते मला समितीत सांगावंच लागेल."

"सांगा."

"आणि समितीत मला मत एकच आहे. पण शेवटचं म्हणून ते मागे ठेवायची आमच्याकडे पद्धत नाही."

नाझुनाने मान लववली. मग तिने फडकं घेतलं आणि आधीच पुसलेली फळी पुन्हा पुसली. आत घरात मित्सुए कोणाला तरी विचारत होती की रात्री टोफूचं सूप करूया का, आणि तोमोए म्हणत होती, कोणता टोफू, सगळे तर संपले.

रस्त्याच्या वळणावरून सुएनोबाई पुन्हा मागे आल्या होत्या. त्या शटरखाली उभ्या राहिल्या.

"विचारायचं राहिलं. उद्या असतील का? खालच्या बहिणीलाही हवेत."

नाझुनाने बापाकडे पाहिलं. खोली तिची नव्हती. उद्याही तिची नव्हती, जोपर्यंत कोणी ते म्हणत नव्हतं.

कोसाकु शटरची घसरपट्टी बोटाने चाचपत होता. गंज त्याच्या बोटांना लागला होता. त्याने मान वर केली नाही.

"याला तेल लागेल," तो म्हणाला. "आज करतो." आणि मग, जरा थांबून, आतल्या माणसांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात: "उद्या ट्रे भरून आण, नाझुना. काठापर्यंत."